पडला तो कसा होता? रणस्मृतीच्या अभ्यासाची प्रस्तावना

१६६० च्या पावसाळ्यात मराठ्यांच्या दोन झुंजी एकाच वेळी चालू होत्या. पन्हाळ्याच्या वेढ्यातून शिवाजी महाराज निसटले त्या वाटेवर, घोडखिंडीत, १३ जुलैला बाजीप्रभू देशपांडे पडले. ही गोष्ट शाळेतल्या पोरालाही पाठ असते. त्याच दिवशी चाकणच्या संग्रामदुर्गाचा वेढा चौथ्या आठवड्यात होता. मोगल सरदार शायिस्तेखान २१ जूनला तिथे येऊन बसला होता. आत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा, आणि कुमक पाठवायची तर राजाच कोल्हापूरकडे अडकलेला. किल्ला भुईकोट, ना कडा, ना घाट. आधार काय तो खंदकाचा, तटाचा आणि पावसाचा. तरी जवळजवळ आठ आठवडे तो लढला. १४ ऑगस्टला दुपारी मोगलांनी ईशान्येच्या बुरुजाखाली पेरलेला सुरुंग उडवला. बुरूज गेला, त्यावरची माणसेही गेली. धुरळ्यातून खानाचे लोक आत धावले, तर मागे मातीचा नवा बांध घालून मराठे उभेच होते. ती रात्र तशीच गेली. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला आणि मोगलांकडच्या राव भावसिंगाच्या मध्यस्थीने उरलेले लोक बाहेर आले.

मोगलांकडचे २६८ मेले आणि ६०० जखमी झाले, ही मोजदाद टिकली. बुरुजाबरोबर उडालेल्यांची नावे टिकली नाहीत.

घोडखिंडीतला आणि चाकणचा, दोन्हीकडचा माणूस सारख्याच जिवावर उदार होता. एकाला पोवाडा, पुतळा, पाठ्यपुस्तकातला धडा मिळाला. दुसऱ्याला काहीच नाही. याचे एक कारण सरळ आहे: घोडखिंडीत राजा वाचला, चाकणला किल्ला गेला. शरणागतीने संपलेल्या लढाईवर गाणे रचणे अवघड. फिरंगोजी स्वतः जगला, पुढे भूपाळगडावर किल्लेदार झाला, आणि जगलेल्या किल्लेदाराला आपल्याकडे फारसे गात नाहीत. पण एवढ्या उत्तराने समाधान होत नसेल तर या अभ्यासात तुमचे स्वागत आहे. पडलेल्या योद्ध्याचे काय उरते, ते कोण जपते, तो माणूस म्हणून कसा होता हे कुणी लिहून ठेवते का, आणि त्याच्या जाण्याचा भार कुणाच्या घरावर पडतो, हे पाहणारी ही विद्या आहे. तिची सुरुवात करायला होमरच्या इलियडइतकी चांगली जागा मला तरी ठाऊक नाही. म्हणून या प्रस्तावनेत ट्रॉय आणि मावळ असे जाणे-येणे सतत होईल.

आधी एक गैरसमज काढू. इलियडमध्ये लाकडी घोडा नाही. ट्रॉयचे पतनही नाही. चोवीस सर्ग, साडेपंधरा हजारांवर ओळी, आणि त्यात दहा वर्षांच्या युद्धातले शेवटाकडचे काही आठवडे. काव्य सुरू होते दोन ग्रीक सरदारांच्या भांडणाने आणि संपते शत्रूकडच्या एका माणसाच्या अंत्यविधीने. विजयाचा जल्लोष ऐकायला आलेला श्रोता निराश होईल अशीच ही रचना आहे. होमरला युद्ध कोण जिंकले यापेक्षा कोण कोण गेले याची जास्त फिकीर होती, असे निदान शेवटचे सर्ग वाचताना वाटते.

या काव्यात नावानिशी मरणाऱ्यांची संख्या दोनशेच्या वर जाते. त्यातले बहुतेक जण एकदाच येतात, मरण्यापुरते. चौथ्या सर्गात सिमोएसियस नावाचा एक पोरगा येतो. त्याची आई आपल्या आईवडिलांबरोबर मेंढरे पाहायला डोंगरावर गेली होती, परतताना नदीकाठी तिने त्याला जन्म दिला, म्हणून नदीवरून त्याचे नाव. एजॅक्सचा भाला छातीत घुसतो आणि पोरगा संपतो. आईबापांनी वाढवले त्याची परतफेड त्याच्या हातून झाली नाही, एवढे कवी सांगतो आणि पुढच्या माणसाकडे वळतो. सहाव्या सर्गात अक्सिलस. याचे घर रस्त्याच्या कडेला होते आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाचे तो आतिथ्य करी. डायोमिडीजने त्याला मारले तेव्हा त्या पाहुण्यांपैकी कुणीही मध्ये पडायला आला नाही. त्याचा सारथीही त्याच्याबरोबर गेला.

या चार-पाच ओळींच्या नोंदी वरवर पाहता लढाईच्या वर्णनात अडथळा आहेत. कथेला त्यांची गरज नाही. त्या काढल्या तरी ट्रॉयचे काही बिघडत नाही. तरीही त्या आहेत, आणि गेली कित्येक दशके होमरचे अभ्यासक त्यांच्यापाशी थबकत आले आहेत. जॅस्पर ग्रिफिन या इंग्रज विद्वानाने १९८० साली होमरमधल्या जगण्या-मरण्यावर पुस्तक लिहिले, त्यात या छोट्या मृत्युलेखांना मोठे स्थान आहे. ॲलिस ऑस्वाल्ड या कवयित्रीने २०११ मध्ये तर कमालच केली: अकिलीसचा राग, देवांची भांडणे, सगळे बाजूला ठेवून फक्त या मृतांचे आणि उपमांचे काव्य केले. तिचे पुस्तक सुरू होते नावांच्या लांबच लांब यादीने. ती यादी मोठ्याने वाचून पाहावी. तिसऱ्या पानावर आवाज आपोआप खाली येतो.

आता आपल्याकडचा हिशेब पाहा. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले. त्याची बातमी एका सावकाराच्या पत्रातून दक्षिणेत पोचली असे परंपरेने सांगतात. पत्र सांकेतिक. दोन मोती गेले, काही मोहरा हरवल्या, आणि चांदी-तांब्याची तर गणतीच नाही, असा त्याचा आशय. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, मोहरा म्हणजे सरदार. चांदी आणि तांबे म्हणजे उरलेले सगळे. पत्राच्या खरेखोटेपणावर वाद घालायला जागा आहे, पण ते इतकी वर्षे लोकांच्या तोंडी राहिले ते त्यातल्या हिशेबामुळे. हा हिशेब सगळ्यांनाच पटत आला. मृतांची प्रतवारी लावायची, वरच्यांची नावे घ्यायची, खालच्यांना ढीग म्हणून सोडून द्यायचे. होमर मोत्यांपाशी थांबतो हे खरेच, पण अधूनमधून तो वाकून एखादे तांब्याचे नाणे उचलतो आणि त्यावर कुणाचे नाव आहे ते वाचतो.

होमरला संत करून ठेवण्याची मात्र गरज नाही. त्याचे तांब्याचे नाणेसुद्धा बऱ्यापैकी घरचे असते. सिमोएसियसच्या आजोळी मेंढरे होती, अक्सिलस सधन होता. खरा सामान्य शिपाई एकदाच तोंड उघडतो, दुसऱ्या सर्गात. थर्साइटीस त्याचे नाव. सेनापती लूट घेतात आणि आम्ही मरतो, असे तो बोलतो, ओडिसिअसचा दंडुका खातो आणि सगळी फौज हसते. त्याच सर्गात कवी कबूल करतो की सामान्य लोकांची नावे सांगायला दहा जिभा असत्या तरी पुरल्या नसत्या. ही कबुली आणि ते सावकाराचे पत्र फार लांब नाहीत.

पॅट्रोक्लसकडे येऊ, कारण पडलेल्या वीराचा स्वभाव हा विषय खरा उलगडतो तो त्याच्यापाशी. ग्रीकांचा अग्रणी योद्धा अकिलीस, त्याचा हा जिवलग. अकिलीस रुसून छावणीत बसलेला असताना तो अकिलीसचेच चिलखत घालून लढायला जातो आणि सोळाव्या सर्गात मारला जातो. त्याला मारायला तिघे लागतात: अपोलो देव, एक ट्रोजन पोरगा आणि शेवटी ट्रोजनांचा सेनानी हेक्टर. सतरावा सर्ग सगळा त्याच्या मृतदेहाच्या ओढाताणीत जातो. आणि त्या धुमश्चक्रीत मेनेलॉस सोबत्यांना कशाची आठवण करून देतो? पॅट्रोक्लसने किती शत्रू मारले याची नाही. तो जिवंत असताना सगळ्यांशी मायेने वागायचा, याची. एकोणिसाव्या सर्गात ब्रिसेइस त्याच्या देहावर कोसळून रडते. ती लढाईत पकडून आणलेली बाई; तिचा नवरा आणि तीन भाऊ अकिलीसच्या स्वारीत मारले गेले. तिलाही त्याच्याबद्दल सांगायचे असते ते हेच, की तो नेहमी सौम्य होता, त्याने आपल्याला धीर दिला होता. तिच्याबरोबर बाकीच्या दासीही रडतात. नाव पॅट्रोक्लसचे, पण प्रत्येक जणी आपापल्या दुःखाला रडत होती, असे कवी एका ओळीत सांगून टाकतो. युद्धाची किंमत या विषयावर इतके थोडके आणि इतके भेदक मी दुसरीकडे वाचलेले नाही.

पॅट्रोक्लसचा हा हळवेपणा केवळ मेल्यावरची स्तुती असती तर अभ्यासाला काही उरले नसते. मेलेल्याबद्दल सगळेच चांगले बोलतात. होमर तो आधी दाखवून ठेवतो. अकराव्या सर्गात पॅट्रोक्लस निरोप घेऊन घाईने धावत निघालेला असतो, वाटेत मांडीत बाण रुतलेला युरिपिलस भेटतो, आणि हा थांबतो. बाण कापून काढतो, कोमट पाण्याने रक्त धुतो, कडू मुळी हातावर चोळून जखमेवर लावतो.

आणि त्याच पॅट्रोक्लसची दुसरी बाजूही होमर लपवत नाही. सोळाव्या सर्गात रक्त चढल्यावर तो हेक्टरच्या सारथ्याच्या कपाळावर धोंडा घालतो. तो माणूस रथातून डोक्यावर खाली येतो, तर हा हसून म्हणतो की काय सुरेख सूर मारलाय, समुद्रात कालवे काढायला हा उपयोगी पडला असता. तेविसाव्या सर्गात त्याचे भूत स्वतःच आठवण काढते: लहानपणी फाशांच्या खेळात चिडून त्याच्या हातून एक मुलगा मारला गेला होता, म्हणून तर तो परक्या घरी, अकिलीसच्या बापाकडे, वाढला. म्हणजे छावणीतल्या सर्वांत मायाळू माणसाच्या हाताला लहानपणापासून रक्त होते. हे सगळे एकाच माणसात मावते असे मानणारी परंपरा अडीच हजार वर्षांहून जुनी आहे, आणि आपण मात्र वीराला अजूनही एकाच रंगात रंगवतो.

अर्थात आपल्याकडे दुसरी वाट नव्हती असे नाही. १९६७ हे साल त्या दृष्टीने गमतीचे आहे. त्याच वर्षी शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ आले आणि त्याच वर्षी इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’. दोन्हीकडे कर्ण आहे. सावंतांनी त्याला घरोघरी पोचवला, त्याच्या मरणावर पिढ्या रडल्या. कर्व्यांनी त्याला माणसासारखा तपासला. त्याचे दान, त्याची खंत, त्याने द्रौपदीच्या बाबतीत काढलेले उद्गार, सगळे एकाच टेबलावर मांडले. मला विचाराल तर या क्षेत्रात येणाऱ्याने आधी ‘युगान्त’ वाचावे. ‘मृत्युंजय’ बहुधा वाचून झालेलेच असते. आणि महाभारतातलेच स्त्रीपर्व वाचले नसेल तर इलियड उघडण्याआधी ते वाचावे. रणांगणावर हिंडणाऱ्या बायका, गांधारीची नजर, तुटलेला हात ओळखणारी भूरिश्रव्याची पत्नी. होमरच्या चोविसाव्या सर्गात पत्नी अँड्रोमाखी, आई हेकुबा आणि भावजय हेलन हेक्टरवर रडतात, त्याच्या शेजारी ठेवण्यासारखी ही पाने आहेत. फरक एवढाच, की गांधारी शाप देते. ट्रॉयच्या बायका शाप देत नाहीत, पुढे आपले काय होणार ते फक्त सांगतात.

काव्याखेरीज आपल्याकडे आणखी तीन प्रकारची साधने आहेत, आणि तिन्ही मावळ-चाकण पट्ट्यातल्या माणसाच्या हाताशी आहेत.

पहिले साधन दगडाचे. मावळ आणि खेड तालुक्यांतल्या जुन्या गावठाणांत देवळाच्या ओसरीला टेकवून ठेवलेला, शेंदूर फासलेला उभा दगड आपण पाहिलेला असतो. तो वीरगळ. खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर. पुष्कळदा गाई, कारण चोरीला गेलेली गुरे सोडवताना तो मेलेला असतो. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे बसलेला. माथ्यावर कलश आणि सूर्यचंद्र. गुरांवरून लढाया होमरकडेही आहेत. पहिल्याच सर्गात अकिलीस सांगतो की ट्रॉयवाल्यांनी काही माझी गुरे हाकलली नव्हती, मग मी का लढू. गुंथर सोन्थायमर या जर्मन पंडिताने पुण्यात राहून या दगडांचा ध्यास घेतला. सेट्टर यांच्याबरोबर त्यांनी संपादित केलेला स्मारकशिळांवरचा ग्रंथ १९८२ चा आहे आणि अजून ओलांडला गेलेला नाही. बोरिवलीच्या एकसरचे आरमारी लढाई कोरलेले वीरगळ प्रसिद्ध आहेत. पण महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. कर्नाटकात पुष्कळदा लेख असतो: कुणाचा मुलगा, कुठल्या राजाच्या कारकिर्दीत, घरच्यांना किती जमीन दिली. आपल्या दगडात मिशा आहेत, तलवार आहे, कमरेचा शेला आहे, नाव नाही. होमरचा सिमोएसियस नेमका उलटा: नाव, आई, नदी, सगळे आहे, दगड नाही.

दुसरे साधन पोवाडा. अफजलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा आणि सिंहगडावरचा तुळशीदासाचा, हे आपले जुने नमुने. अॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला, पुढे य. न. केळकरांनी ते काम कितीतरी पुढे नेले. होमरचा अभ्यास गेल्या शतकात ज्याने उलटापालटा केला तो मिलमन पॅरी १९३३ ते ३५ या काळात युगोस्लाव्हियात निरक्षर गायकांची गाणी ध्वनिमुद्रित करत हिंडला आणि इलियडही अशाच तोंडी परंपरेतून आले हे त्याने पटवून दिले. डफ-तुणतुण्यावर शाहिराला ऐकलेल्या माणसाला हे पटायला पॅरीची गरज पडू नये. ठरावीक विशेषणे, ठरावीक ओळी, दम घ्यायला जीजीजी. पण पोवाड्यातही होमरच्या जातीचे तपशील असतात, ते शोधावेत. तानाजी ४ फेब्रुवारी १६७० ला पडला. पोवाडा ऐकणाऱ्याच्या मनात किल्ल्याइतकेच राहते ते त्याच्या मुलाचे, रायबाचे लग्न, अर्धवट सोडून आलेले. युद्धाने काय नेले हे सांगायला शाहिराला लग्नाची अक्षत पुरते.

तिसरे साधन कागदाचे, आणि ते सर्वांत कमी वाचले जाते. सभासदाच्या बखरीत अफजलखानाच्या प्रसंगानंतरची एक व्यवस्था नोंदलेली आहे: लढाईत पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतले, मूल नसेल तर विधवेला नवऱ्याच्या निम्मे वेतन चालू ठेवले. पेशवाईत याच गोष्टीला बालपरवेशी म्हणत आणि दप्तरात तशा नोंदी सापडतात. गो. स. सरदेसायांनी १९३० पासून पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले. ते लढाया आणि राजकारण शोधणाऱ्यांनी वापरले. एखाद्या पोराच्या पोटगीसाठी ते चाळणारे विरळा. मला तर वाटते आपले सिमोएसियस याच कागदांत आहेत. तिथे कारकुनाने नाव लिहिले, गाव लिहिले, कुठल्या स्वारीत पडला ते लिहिले, आणि मागे कोण राहिले तेही. कवी मात्र त्या खोलीत कधी गेला नाही.

ही साधने हाती घेऊन एखादी जागा कशी वाचावी याचा नमुना म्हणून वडगाव मावळ घ्या. आकुर्डीहून लोकलने पोचायला अर्धा तास पुरतो. १७७८ च्या अखेरीस राघोबादादांना पेशवाईच्या गादीवर बसवायला इंग्रजांची फौज मुंबईहून बोरघाट चढून आली. महादजी शिंदे, नाना फडणीस आणि हरिपंत फडके यांनी तिला समोरासमोर न भिडता पोखरले. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्यापाशी कॅप्टन जेम्स स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने ठार झाला. हा शत्रूकडचा माणूस, पण त्याच्या बेडर वागण्यावर मराठी शिपाई इतके खूश की त्यांनी त्याला इष्टुर फाकडा करून टाकले. मानाजी शिंदे फाकडे, कोन्हेरराव एकबोटे फाकडे, त्यांच्याच पंगतीत हा. ग्रँट डफने १८२६ मध्ये आपला इतिहास छापला तेव्हाही मावळात त्याची आठवण त्याच नावाने निघत होती. वडगावच्या पोलीस ठाण्याच्या आवारात त्याची म्हणून समाधी दाखवतात. इलियडच्या सहाव्या सर्गात अँड्रोमाखी सांगते की अकिलीसने माझ्या बापाला मारले, पण त्याचे चिलखत उतरवून घ्यायला त्याला लाज वाटली. चिलखतासकट त्याला अग्नी दिला आणि वर उंचवटा रचला. शत्रूच्या माणसाची बूज राखणे ही काही आधुनिक शिष्टाई नव्हे. मावळातल्या शिपायाला ते कुणी शिकवायला लागले नाही.

पण इथेच थांबलो तर पुन्हा एक मोती उचलून घरी आल्यासारखे होईल. इंग्रज फौज ९ जानेवारीला तळेगावात शिरली तेव्हा गाव जळून गेलेले होते. मराठ्यांनीच जाळले होते, शत्रूला दाणापाणी मिळू नये म्हणून. पुढे चिंचवड आणि खुद्द पुणेही पेटवून द्यायची तयारी आहे अशी बातमी इंग्रजांना लागली. युद्धनीती म्हणून ती चोख होती आणि तिने काम केले: ११ तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात टाकून फौज माघारी निघाली, वडगावात कोंडली गेली आणि १६ जानेवारीला करार करून सुटली. तिच्याकडचे साडेतीनशेवर लोक मेले, जखमी झाले वा हरवले. इतिहासाच्या पुस्तकात हा मराठ्यांचा विजय आहे, आणि तो होताच. मात्र जाळलेल्या तळेगावातल्या माणसाने पुढचा उन्हाळा कसा काढला, कुणाच्या बियाण्याची कणगी गेली, याचा पोवाडा कुणी केला नाही. इंग्रजांकडच्या त्या साडेतीनशेंत बहुतेक देशी शिपाई होते, त्यांचा तर दोन्ही बाजूंनी नाही. बाविसाव्या सर्गात अकिलीस हेक्टरचा पाठलाग करतो ते दोघे ट्रॉयबाहेरच्या दगडी धुणवट्यांवरून धावतात. ग्रीक येण्यापूर्वी, शांततेच्या दिवसांत, इथे बायका कपडे धुवायच्या, असे होमर धावत्या प्रसंगात थांबून सांगतो. पवनेच्या आणि इंद्रायणीच्या घाटांबद्दल १७७९ साली असे वाक्य कुणी लिहायला हवे होते.

चाकणहून पूर्वेला गेलात तर भीमेकाठी कोरेगावचा स्तंभ आहे. १ जानेवारी १८१८ ची लढाई. तिच्या राजकीय अर्थावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ ला तिथे आले तेव्हापासून त्या जागेला नवे आयुष्य मिळाले. त्याबद्दल स्वतंत्रच वाचावे लागेल. आपल्या विषयापुरती लक्षात घेण्याची गोष्ट ही, की त्या दगडावर साध्या शिपायांची नावे कोरलेली आहेत आणि त्यातल्या बावीस नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. महार शिपायाचे नाव दगडावर येणे ही त्या काळात केवढी गोष्ट होती हे सांगायला नको. शंभर वर्षांनी पहिल्या महायुद्धानंतर सरकारने गावोगावी संगमरवरी पाट्या बसवल्या: या गावातून इतके गेले, पैकी इतके मेले. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याच्या पाटीवर हा आकडा ४६ आहे. तिथे पुन्हा नाव गेले, आकडा राहिला. खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत याच्या उलट आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या दीड हजारांवर शिपायांच्या कबरी, प्रत्येकाला सारख्याच मापाचा दगड, हुद्दा कोणताही असो. काही दगडांच्या तळाशी घरच्यांनी निवडलेली एखादी ओळ असते: कुणाचा मुलगा, कुणाचा बाप. मुंबई-पुणे रस्त्याने रोज जाणाऱ्या हजारो लोकांपैकी आत वळणारे थोडे. वळावे. मोत्यांची आणि तांब्याची किंमत एक करण्याचा तिथला प्रयत्न पाहण्यासारखा आहे, मग तो साम्राज्याने केलेला असला तरी.

या क्षेत्रातली भांडणेही आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे धक्का बसायला नको. सिमोन वेल या फ्रेंच विचारवंत बाईने दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात इलियडवर निबंध लिहिला. बळ हेच या काव्याचे खरे मुख्य पात्र, ते माणसाची वस्तू करून टाकते, असे तिचे म्हणणे. निबंध अप्रतिम आहे आणि पुरता खरा नाही. लढाईची नशा, लुटीची हाव, पॅट्रोक्लसचे ते कालव्यांवरचे हसू, हे तिच्या चौकटीत बसत नाही म्हणून तिने पाहिले नाही. जोनाथन शे हा अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर उपचार करत होता. १९९४ च्या त्याच्या पुस्तकात अकिलीस एक रुग्ण म्हणून समोर येतो, वरिष्ठाने दगा दिलेला आणि मित्र गमावलेला. जुन्या पठडीतले पंडित यावर नाक मुरडतात. देहूरोडच्या किंवा खडकीच्या एखाद्या निवृत्त सुभेदाराला विचारून पाहा, तो मुरडणार नाही.

आपल्याकडचे भांडण निराळे आहे. मृत वीराच्या स्वभावात दोष दाखवला की तो अपमान समजला जातो, आणि लढाईची किंमत मोजली की तो विजयाला कमीपणा वाटतो. होमरच्या श्रोत्यांचे पूर्वज ग्रीकच होते. तरी त्यांनी हेक्टरसाठी रडणारे काव्य शतकानुशतके पाठ केले आणि त्यांच्या विजयाला काही झाले नाही. ओडिसीच्या अकराव्या सर्गात तर खुद्द अकिलीसचा आत्मा सांगतो की मृतांचा राजा होण्यापेक्षा एखाद्या भूमिहीन माणसाकडे मोलाने राबणे परवडले. चाकणच्या कंत्राटी कामगाराला हे वाक्य ऐकवले तर तो काय म्हणेल याची मला उत्सुकता आहे. कदाचित तो अकिलीसला एक महिना पाळी करून बघायला सांगेल.

वाचायला कुठून घ्यायचे हा प्रश्न नेहमी येतो. ग्रीक येत नसेल तर काही अडत नाही. चांगली इंग्रजी भाषांतरे पुष्कळ आहेत. पहिल्या पानापासून सुरुवात करायचा हट्ट नको. सहावा सर्ग आधी वाचा: अक्सिलस तिथे आहे, आणि बापाच्या शिरस्त्राणावरचा तुरा पाहून घाबरणारे हेक्टरचे तान्हे मूलही. मग अकरा आणि सोळा, पॅट्रोक्लससाठी. सतरावा चाळला तरी चालेल, मृतदेहाची ओढाताण फार लांबते. एकोणीस ब्रिसेइससाठी. चोविसावा एका बैठकीत, मध्ये फोन न घेता. मग स्त्रीपर्व, मग तुळशीदासाचा पोवाडा, तोही कुणाकडून ऐकायला मिळाला तर ऐकूनच. आपल्या गावठाणातल्या वीरगळाचा फोटो सकाळी किंवा संध्याकाळी काढा, तिरक्या उन्हात कोरीव काम नीट दिसते; शेंदूर खरवडू नका, आणि रस्ता रुंदीकरणात तो दगड जाणार असेल तर तो कुठे हलवणार हे ग्रामपंचायतीला वेळेत विचारून ठेवा. दुसऱ्या सर्गातली जहाजांची यादी सध्या सोडून द्या. ती दुसऱ्या वाचनाला गोड लागते, पहिल्या वाचनात तिथेच पुष्कळांनी पुस्तक मिटले आहे.